चिंधी बांधलेली तीन झाडं

“शकूरभाईंनी आयुष्यात एकही झाड चुकीचं ओळखलं नाही,” असं शोकसभेत सांगितलं गेलं, आणि सभागृह हळहळलं. त्याआधी वक्त्याने त्यांना वटवृक्ष म्हटलं होतं. शकूरभाई असते तर म्हणाले असते, आधी पान दाखवा. विधान मात्र खोटं नव्हतं. शेवटच्या तीन झाडांना त्यांनी नावच दिलं नव्हतं, त्यामुळे चुकायचा प्रश्न आला नाही. नाव मी दिलं होतं. म्हणून मी दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो, आणि लोकांना ते दुःख वाटलं.

शकूरभाई जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या चाचणी-प्लॉटवर तीस वर्षं होते. विकायच्या बियाण्याचा नमुना तिथे आधी पेरायचा आणि उगवलेल्या वांगी-मिरची-टमाट्यांतलं भेसळीचं झाड शोधून उपटायचं, हे त्यांचं काम. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणजे बरीचशी झाडं फळ्यावर पाहिली. विद्यार्थ्यांना घेऊन प्लॉटवर जायचो तेव्हा ते मला ‘सर’ म्हणत, शिकवत मात्र तेच. संशयाचं झाड ते उपटत नसत. जुन्या बनियनची चिंधी फाडून त्याला बांधत. “रोप बघाचं, फूल बघाचं, फळ बघाचं. तीनदा बघितल्याबिगर तोंड उघडाचं न्हाई, सर. उपटलेलं झाड माघारी लावता येत न्हाई.” एकदा पाहणीला साहेबलोक येणार म्हणून मॅनेजरने चिंध्या काढायला लावल्या, प्लॉट घाण दिसतो म्हणून. दुसऱ्या दिवशी शकूरभाईंनी नवं बनियन फाडलं.

गेल्या पावसाळ्यात पर्यावरणाच्या एका कार्यक्रमात त्यांचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि ‘रानफुलांचं मिश्र बियाणं’ असं छापलेलं पाकीट. पाकिटावर फुलांपेक्षा पाहुण्यांचा फोटो मोठा. एमआयडीसीच्या मागे त्यांचं घर आहे, तिथल्या अंगणात त्यांनी ते पेरलं. कॉसमॉस आला, झेंडू आला, आणि पाकिटावरच्या यादीत नसलेली तीन झाडं आली. वांग्यासारखं पान, पाच पाकळ्यांचं पांढरं फूल. तिन्हींना चिंध्या लागल्या. पाकीटवाल्यांना त्यांनी विचारलंही. उत्तर आलं, निसर्गात विविधता असते.

मी गेलो तेव्हा ते झाडापाशी उकिडवे बसले होते. मी खुर्चीत, हातात चहा, चष्मा कपाळावर.

“खानदान वांग्याचं हाय, सर. पण हे पोरगं कोणाचं, ते न्हाई कळून राह्यलं.”

“कामोणी आहे,” मी म्हणालो. “फळं काळी झाली की खा. गोड लागतात.”

“इतक्या दुरून दिसलं?”

“पस्तीस वर्षं शिकवलंय, शकूरभाई.”

“मंग लिहून द्या. बराबर सही-बिही करून.”

मी हसत हसत त्या पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलं : कामोणी. खाण्यास योग्य. सही केली. खाली पदवीही लिहिली.

तीन आठवड्यांनी सकाळी फोन आला, शकूरभाई गेले. हृदयविकार, डॉक्टर म्हणाले. आधी एक झटका येऊन गेला होता, त्यामुळे कुणाला आश्चर्य वाटलं नाही. मय्यतीहून परतताना मी अंगणात थांबलो. दोन झाडांवर हिरवी फळं होती. मधल्या झाडाची मात्र खुडलेली होती, नखाने, नीट... नुसती देठं उरली होती. याच खानदानात आपल्या ताटातलं वांगं आहे आणि माणसाला मारणारी झाडंही आहेत, हे मी दरवर्षी वर्गात सांगत असे.

पुढे कितीतरी दिवस मी कुणाला काही विचारलं नाही. पुस्तकं काढून विषबाधेची लक्षणं वाचली, ती हृदयविकाराशी जुळतात का पाहिलं. थोडी जुळली, थोडी नाही... डॉक्टरांचं निदान पाठ होतं, तरी डोळ्यांपुढे माझी सही यायची. शोकसभेत बोलायला माझं नाव पुकारलं, तेव्हा घसा बसलाय म्हणून सांगितलं.

चाळिसाव्याला त्यांच्या घरी गेलो. पाहुणे उठल्यावर त्यांच्या पत्नीला, रझियाभाभींना, विचारलं, “भाभी, त्या मधल्या झाडाची फळं... भाईंनी खाल्ली होती का?”

“खाल्ली? तौबा! तुमच्या सांगण्यावरून कोण खाणार, भाईसाब? मला बोलले, सर आदमी नेक हाय, पण खुर्चीतून उठले न्हाईत.”

आतून त्यांनी ते पाकीट आणलं. खुडलेली फळं त्यात होती, सुरकुतलेली; एक उभं कापून बी पाहिलेलं. माझ्या सहीखाली शकूरभाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं : सरांचं मत. पिकलेलं फळ बघायचं बाकी.

माझ्यावर विश्वास न ठेवल्याबद्दल मी आजवर कुणाचे इतके आभार मानले नव्हते. हायसं वाटलं, आणि लगेच लाज वाटली. माणूस तर गेलाच होता, आणि चाळीस दिवस मी बहुतेक माझ्या सहीसाठीच झुरत होतो.

भाभींनी झाडं उपटलेली नाहीत. चिंधी आहे तोवर हात लावायचा नाही, असं त्या म्हणतात. मी अधूनमधून जातो, चष्मा लावतो, उकिडवा बसतो, गुडघे दुखतात. पानाच्या मागे, मधल्या शिरेवर, बारीक काटे आहेत. कामोणीला काटे नसतात.

परवा उरलेली फळं पिकली. पिवळी झाली.