हाक्याला नेलेला माणूस

बाबांच्या आजोबांना वाघाने मारलं, हे आमच्या घरात आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो. शिकार गोऱ्या साहेबाची होती. हाक्याला, म्हणजे आरडाओरडा करून वाघ बंदुकीपुढे पिटाळायला, गावातली माणसं वेठीला धरत. आजोबा तापाने फणफणले होते. पाटलाच्या माणसांनी त्यांना काठ्यांनी झोडपत जंगलात नेलं. साहेबाची पहिली गोळी वाघाच्या पोटात लागली. तो उलटला आणि त्याने आजोबांचा खांदा मानेपासून फाडला. त्या साहेबाचं नाव आमच्या घरात शिवीसारखं वापरत.

गेल्या वर्षी, एसटीतून निवृत्त झालेल्या बाबांना घेऊन मी दूरच्या शहरातलं राष्ट्रीय संग्रहालय बघायला गेले. प्राण्यांच्या दालनात गाईड सांगत होता की, इंग्रज अधिकाऱ्यांनी जमवलेल्या वस्तूंवरच हे संग्रहालय उभं राहिलं. समोरचा काचेतला, पेंढा भरलेला वाघ अगदी सुरुवातीच्या भेटवस्तूंपैकी. पाटीवर आमच्याच यवतमाळचं जंगल लिहिलं होतं, आणि त्याच साहेबाचं नाव.

बाबा गाईडला म्हणाले, "माह्या आज्याले यानं फाडलं. साहेबानं पह्यले कातडं सोलून घेतलं, खराब होईल म्हून. आजा बाजूलेच रक्त ओकत मेला."

मागे कुणीतरी फिदकन हसलं.

बाबांनी काचेवर मूठ हाणली. एकदा, मग पुन्हा. काच फुटली आणि त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला. पहारेकऱ्याने त्यांना मागे खेचलं, फरशीवर पालथं पाडलं, पाठीवर गुडघा रोवला. सत्तरीच्या माणसाचं तोंड फरशीवर आपटलेलं मी ऐकलं. मी शिक्षिका आहे, वर्गात कधी छडी उचलली नाही. पण त्या पहारेकऱ्याच्या मनगटाला मी कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. त्याने मला कानशिलात मारली.

शेवटी संग्रहालयाच्या एक अधिकारी बाई धावत आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तक्रार केली नाही, स्वतः आम्हाला दवाखान्यात पोचवलं.

टाके घालायला डॉक्टरांना बाबांची मूठ उघडायची होती. ती उघडेना. मी एकेक बोट सोडवलं. आत रक्ताने चिकटलेले पिवळे केस होते, वाघाच्या अंगावरून उपटलेले. रुमालात बांधून घेऊ का, असं मी विचारलं.

बाबा म्हणाले, "फेकून दे, बाई. आपल्या घरात नाही पाह्यजे."

मी ते कापसाच्या बोळ्यांसोबत बादलीत टाकले. मग डॉक्टरांनी टाके घातले.