भानुमतीच्या सायकलचा मागचा दिवा

म्हैसुरात मंडी मोहल्ल्यातून मेटगळ्ळीकडे सायकलवर जाणाऱ्या बायका तुम्हाला चार दिसतील. पण भानुमतीसारखी एक दाखवा! पाठ ताठ, निऱ्या पिनेनं घोट्याच्या वर टाचलेल्या, कॅरियरला डबा करकचून बांधलेला, आणि चेहरा असा की समोरच्या टेम्पोनंच बाजूला व्हावं. वय चौपन्न. ही सायकल तिनं पहिल्या पगारातून घेतली तेव्हा सासरच्या गल्लीत एकही बाई सायकलवर बसत नव्हती. सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांना बाजारातून नारळ हवे होते, म्हणून बोलल्या.

घराणं रंगाऱ्यांचं. किती पिढ्यांपूर्वी म्हैसुरात आले ते त्यांनाही सांगता येत नाही. आजोबा-पणजोबा कापड रंगवायचे, लाकडी ठशांनी बुट्टे छापायचे. भानुमतीच्या वडिलांनंतर तो धंदा बसला आणि ज्याला जे जमेल ते त्यानं धरलं. भानुमतीनं सोल्डरिंग धरलं. सव्वीस वर्षं एका कारखान्यात सर्किटांच्या पाट्यांवर कथलाचे टाके घातले, आणि तिथं मशीन आल्यावर मेटगळ्ळीच्याच एका आतल्या गल्लीत, इन्व्हर्टर दुरुस्तीच्या छोट्या वर्कशॉपात लागली. हात असा की टाका घातला की वर भिंग धरून बघायची गरज नाही. पण एक गोष्ट खरी. सगळा जन्म तिनं टाका तिथंच घातला जिथं इंजिनियरच्या कागदावर टिंब होतं. टिंब कुठं द्यायचं हे तिला कधी कुणी विचारलं नाही, आणि खोटं कशाला बोला, तिनंही कधी विचारलं नाही.

नोव्हेंबरातली गोष्ट. संध्याकाळी साडेसहाला ती परत येत होती. के.आर.एस. रोडवर एका जागी झाडं इतकी दाट आहेत की खांबावरचा उजेड फांद्यांतच अडकतो. तिथं मागून एक मोटरसायकल आली आणि हँडलला घासून गेली. थांबलीसुद्धा नाही मेली! भानुमती डाव्या अंगावर पडली. मनगट मुरगळलं, कोपर सोलपटलं, डब्याचं झाकण गटारात गेलं.

तिची मुलगी रम्या बँकेत आहे. स्कूटरवरून जाते, सगळं नियमानं करते आणि दुसऱ्यांनाही नियमानं करायला लावते. तिनं आईच्या मनगटाला पट्टा बांधला आणि निकाल देऊन टाकला.

"अम्मा, साकु आता, पुरे झालं. सायकल बंद."

"मग कामाला कशी जाऊ?"

"बसनं जा. नाहीतर घरी बस. सुम्मने, उगाच जीव कशाला द्यायचा?"

बसनं जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, वर स्टॉपपासून वर्कशॉपपर्यंत दोन किलोमीटर चालायचं. महिनाभर कसंबसं होईल, मग गुडघे सांगतील, मग मालक सांगेल. सायकल गेली की काम गेलं, हे भानुमतीला लख्ख दिसत होतं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. गुरुराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावानं गरीब. ते म्हणाले, "ती म्हणतेय ते बरोबरच आहे ना, भानू," आणि पेपर तोंडासमोर धरला.

"माणूस दिसलाच नाही त्याला," भानुमती म्हणाली. "दिसले असते तर घासून कशाला गेला असता? मागं दिवा पाहिजे, बस."

रम्यानं त्याच रात्री ऑनलाइन दिवा मागवला. बोराएवढा. आला, लावला, चौथ्या दिवशी मेला. भानुमतीनं तो उघडून आतला टाका बघितला आणि तिचं डोकंच फिरलं. कथिल नुसतं वर टेकवलेलं, खाली धरलेलंच नाही! "असला टाका मी घातला असता तर आमच्या सुपरवायझरनं पाटी तोंडावर फेकली असती," ती म्हणाली. "मीच करते."

"आता तू काय दिवे लावणार?" गुरुराव म्हणाले, आणि बायकोची नजर बघून लगेच चहा करायला उठले.

अट रम्यानं घातली. करायचा तर कर. पण मी स्कूटरवरून मागनं येऊन बघणार, त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला. मला पटलं तर सायकल तुझी. नाही पटलं तर किल्ली माझ्याकडे, आणि पुन्हा तो विषय नाही. भानुमतीनं चालेल म्हटलं.

पहिल्याच दिवशी सेलला थेट जोडलेले दोन लाल एलईडी फट्कन जळाले. सव्वीस वर्षं ती एलईडीशेजारी पट्ट्यापट्ट्यांचा रेझिस्टर जोडत आली होती. तो तिथं का असतो हे तिला त्या जळक्या वासानं कळलं. दुसऱ्या दिवशी ती देवराज मोहल्ल्यात नरसिंहमूर्तींच्या रेडिओ-पार्टच्या दुकानात गेली. हा माणूस अर्धा दिवस गिऱ्हाइकांना शिव्या घालतो आणि अर्धा दिवस फुकट शिकवतो. त्यांनी पुठ्ठ्यावर आकडे मांडून दाखवले: सेल इतका जोर लावतो, लाल दिव्याला इतकाच पुरतो, उरलेला अडवायचा तर शंभर ओहमचा रेझिस्टर लागेल. भानुमतीनं तो पुठ्ठा मागून घेतला आणि घरी येऊन तीच आकडेमोड पाच वेळा स्वतः केली. पाचव्यांदा उत्तर न बघता आलं तेव्हा तिनं एकटीनंच मान डोलावली.

सेल जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला, वर्कशॉपच्या मालकाला विचारून आणलेला. त्याला बसायला हिंगाची रिकामी डबी. आणि सोळा लाल एलईडी तिनं कसे लावले असतील? अहो, रंगाऱ्याची पोर ती! तिनं कुयरी केली. वडिलांच्या ठशावर होती तशी, शेंडा वळलेली. टाके असे घातले की पाटीच्या मागच्या बाजूलाही दृष्ट लागावी. पेटवल्यावर गुरुरावांनी पेपर खाली ठेवला आणि शेजारच्या दोन बायका बघायला आल्या. भानुमतीला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की आमटी उतू गेलेली कळली नाही.

परीक्षेच्या दिवशी ती झाडांखालच्या रस्त्यानं निघाली, रम्या लांबून मागनं आली. शेजारी येऊन थांबली.

"सांग की गं!"

"अम्मा, छान आहे. पण मला वाटलं, कुणाच्या दुकानासमोर दसऱ्याची दिव्यांची माळ काढायची राहिलीय." रम्याचा आवाज जरा खाली आला. "दिवा दिसला. तू नाही दिसलीस."

आता हे ऐकून दुसरी बाई रडली असती किंवा भांडली असती. भानुमतीनं घरापर्यंत सायकल हातानं ढकलत नेली. वाटेत तिला वडील आठवले आणि तिची तिलाच लाज वाटली. वडील ठसा मारून झाला की कापड दोरीवर टाकायचे आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहायचे. गिऱ्हाईक सगळा बुट्टा नाकाजवळ धरून बघत नाही, म्हणायचे, बाई रस्त्यानं चालली की साडी लांबूनच दिसते. तिथून पसंत पडलं नाही तर अख्खं कापड पुन्हा हौदात जायचं. आणि तिनं काय केलं होतं? टेबलावर, चष्मा लावून, वीतभर अंतरावरून दिवा बनवला होता.

"मला अजून एक संधी दे," ती घरी येऊन रम्याला म्हणाली. आयुष्यात पोरीकडे काही मागायची तिच्यावर ती पहिलीच वेळ. रम्यानं आठ दिवस दिले.

कुयरी मोडली. मोडताना हात जड झाला, पण मोडली. नव्या पाटीवर सोळा एलईडी एका ओळीत घेतले, हातभर लांब ओळ, म्हणजे गाडी जवळ येईल तशी ती रुंद होत जाईल आणि अंतर कळेल. टोकाचे चार बाहेरच्या बाजूला वाकवले, मधले दोन वर, बसवाला उंचावर बसतो म्हणून. लुकलुक ठेवली नाही. लुकलुकणाऱ्या गोष्टीचा अंदाज येत नाही, असं तिचं स्पष्ट मत. ते सगळं जळालेल्या एलईडी ट्यूबच्या दुधी प्लास्टिकच्या कवचात घातलं आणि दोन्ही तोंडं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रबरानं बंद केली. यातला एकही टाका कुणाच्या कागदावरून आला नव्हता.

मग लांबून बघायची पाळी आली. गल्लीच्या टोकाला मैदान आहे, तिथं तिन्हीसांजेला तिनं गुरुरावांना सायकलवर बसवलं.

"मी? बायकांच्या सायकलवर? मोहल्ला काय म्हणेल?"

"मोहल्ल्याला म्हणावं, दिवा बघ. चला!"

गुरुराव पांढरा पंचा सावरत फेऱ्या मारू लागले. भानुमती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभी. लाल ओळ छान दिसत होती, रुंद, ठाम. पण ती कशाची? रिक्षाची? उभ्या हातगाडीची? रम्या म्हणाली होती तेच. दिवा दिसत होता, नवरा दिसत नव्हता. एवढ्यात कडेनं एक स्कूटर वळली आणि तिचा झोत क्षणभर गुरुरावांच्या पायांवर पडला. पांढरा पंचा, त्याखाली दोन टाचा, एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. भानुमती ओरडलीच, "माणूस!" गुरुराव दचकून पडता पडता राहिले.

खाली-वर होणारे पाय दिसले की कुणीही ओळखतं, अगदी मूलसुद्धा, की हा जिवंत माणूस पॅडल मारतोय. मग त्या उजेडासाठी दुसऱ्याच्या गाडीची वाट कशाला बघायची? भानुमतीनं ओळीच्या खाली दोन पांढरे एलईडी लावले, पुढं तोंड करून, थेट स्वतःच्या टाचांवर आणि साडीच्या काठावर. पांढऱ्याची भूक वेगळी, त्याला शंभरचा रेझिस्टर जास्त होतो, तो हिशेब तिनं पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला स्वतः केला. नरसिंहमूर्तींना नुसता दाखवला. त्यांनी चष्म्यातून बघितलं, चूक शोधली, सापडली नाही, आणि तेहतीस ओहमचे दोन रेझिस्टर पुढं सरकवले.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, त्याच झाडांखाली, भानुमतीनं स्विच दाबला आणि पॅडलवर पाय ठेवला. रम्या कुठं तरी मागं होती, किती मागं ते बघायचं नाही असं ठरलं होतं. पुढं रस्ता काळा. पायांखाली मात्र उजेड, आणि त्या उजेडात तिच्या पिवळ्या साडीचा लाल काठ वर जात होता, खाली येत होता.

मागून बस आली. इंजिनाचा तो जड आवाज ऐकून पडलेल्या दिवसाचं मनगट पुन्हा दुखल्यासारखं झालं. हँडल घट्ट धरलं. कडेला उतरावं असं पायांनी दहा वेळा सांगितलं, पण ती उतरली नाही. आवाज जवळ आला, आणि मग, काय सांगावं, आवाज खाली बसला. बसनं वेग कमी केला होता. पार उजवीकडे झाली, आणि तिला अख्खा रस्ता मोकळा सोडून हळूहळू पुढं गेली. हॉर्नसुद्धा वाजवला नाही. भानुमतीचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या स्टॉपवर बस उभी होती. ती शेजारून जाताना ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अम्मा, ई लाइट एल्लि तगोंड्रि? माझा भाऊ रोज पहाटे सायकलवरून दूध घालतो, त्याला हवाय असला. अर्ध्या रस्त्यावरून मला तुमचे पाय दिसत होते!"

कुठून घेतला म्हणून विचारत होता. भानुमती सायकलवरून उतरून दम घेत होती. तेवढ्यात मागून स्कूटर येऊन कचकन थांबली. रम्यानं हेल्मेट काढलं. नियमानं वागणारी, बँकेत हळू आवाजात बोलणारी ती पोरगी भर रस्त्यात, स्टॉपवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली,

"एल्लू सिगल्ल, सार! नम्मम्म माडिद्दु!"

कुठंच मिळत नाही, साहेब! आमच्या आईनं केलाय!

बसमधली माणसं खिडक्यांतून वाकून बघू लागली. भानुमतीनं पदरानं तोंड पुसलं, सायकलची किल्ली कंबरेला नीट खोचलीय ना ते चाचपून बघितलं, आणि ड्रायव्हरला म्हणाली की भावाला रविवारी घरी पाठव, सायकल घेऊन, आधी त्याच्या टाचा कुठं येतात ते बघावं लागेल.