भाऊजींचे बल्ब

चुकीचं कारण शोधून काढण्यात माझ्या भाऊजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत झाला नसेल. नागभीडजवळच्या एका लाकूड डेपोत ते कारकून होते आणि महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात निघालेली एक मोटारसायकल त्यांच्याकडे होती. तिचा दिवा लागे तो केवळ विझण्यासाठी. नवा बल्ब लावावा, गाडीनं जरा वेग घ्यावा, की झगझगीत पांढरा होऊन त्यानं प्राण सोडलाच. भाऊजींचं निदान मात्र तयार असे. "खड्ड्यानं तार तुटून राह्यली," म्हणत त्यांनी बल्बाखाली जुन्या लुगड्याची गादी घातली. मग त्याला थंडी बाधते म्हणून खिशात उबवून लावू लागले. दृष्ट लागू नये म्हणून हँडलला लिंबू टांगलं. लिंबू टिकलं, बल्ब गेला. शेवटी निकाल ठरलेला: "कंपनीच चोर हाय!" मग मी मागं बसून त्यांच्या खांद्यावरून कंदील धरायचा आणि या थाटात आमची स्वारी सागवानातून निघायची. अस्वलं रस्ता सोडत, पण ती भीतीनं नव्हे, लाजेनं.

खरं कारण मला ठाऊक होतं. माझ्या थोरल्या बहिणीला, बाईला, वाचता येत नाही; त्या भरवशावर आज लिहितो. गाडीत बॅटरीच नव्हती. ती नसली की डायनामोचा सगळा जोर बल्बावर येतो. बॅटरी होती बाईच्या स्वयंपाकघरात. दिवस मावळला की तिला नीट दिसत नसे, चिमणीच्या उजेडात ती चुलीवर हात भाजून घ्यायची. भाऊजींनी चुलीवर बॅटरीचा बल्ब टांगला. भातगिरणीतून ते ती चार्ज करून आणत. दुसरी घेणं पगारात बसत नव्हतं. "गाडीत उगाच पडून होती," असं बाईला सांगितलेलं. मी तोंड उघडलं असतं तर तिनं त्याच पावली बॅटरी परत करायला लावली असती. म्हणून मी गप्प बसलो. आणि वर चारचौघांत भाऊजींची टिंगल करत राहिलो.

एका संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात सांबर दिसलं ते अंगावर आल्यावरच. भाऊजींचा पाय मोडला. खाटेशी बसून मी कसाबसा म्हणालो, "भाऊजी, बल्ब काऊन जाते, मले माहीत हाय. ते बॅटरी..."

त्यांनी माझं मनगट दाबलं. चुलीकडे बघत हळूच म्हणाले, "मले का माहीत नाई? तिच्यासमोर नाव काढू नको, लेका." आणि मग आतपर्यंत ऐकू जाईल असं, "कंपनीच चोर हाय!"

भाऊजी पुढं लंगडतच राहिले. आता तेही नाहीत. गावात वीज आली आहे. चुलीवरचा बल्ब गेला की बाई वर बघते आणि ठामपणे म्हणते, "कंपनीच चोर हाय."

मी मान हलवतो आणि नवा लावतो.