हौद्यावरची खोली

आधी आंटींबद्दल सांगतो, मग काय झालं ते. उलट क्रमाने सांगायला गेलो तर मी माझीच बाजू सावरत बसेन. ती सवय आहे मला.

ऑस्ट्रेलियात, टूवूंबा शहरातल्या आमच्या चर्चमध्ये मराठी बोलणारी चार-पाच घरं आहेत. त्यात सगळ्यांत मोठ्या या आंटी, मूळच्या वसईच्या. तिकडे शाळेत गणित शिकवायच्या, इकडे हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये नोकरी करून रिटायर झाल्या. माझी बायको त्याच हॉस्पिटलात नर्स. तिच्या व्हिसावर मी आलो. मी नववीतून शाळा सोडलेला. हातात वेल्डिंग आहे, एवढंच. बँकेचं पत्र आलं, गाडीच्या रजिस्ट्रेशनचं आलं की बायको नेमकी शिफ्टला असायची, आणि मी पाकीट घेऊन आंटींच्या दारात. त्या वाचायच्या, मराठीत समजावायच्या, वर चहा करायच्या. "एवढंही येत नाही का तुला?" हे एकदासुद्धा त्यांच्या तोंडून निघालं नाही. नुसता मीच नाही, चर्चमधली बाकीची मंडळीही आपले फॉर्म त्यांच्याकडेच आणायची. आंटींनी वाचलंय म्हणजे बरोबरच असणार, असं सगळे म्हणायचे.

करोनाच्या पहिल्या वर्षी माझं वर्कशॉप बंद पडलं. चार महिने मी घरी. बायको मास्कचे वळ गालावर घेऊन यायची, मी तिचा डबा भरायचो, भांडी घासायचो. त्यात लाज नव्हती. लाज होती ती गावाकडच्या भावाच्या फोनची. "काम कसं काय?" तो विचारायचा. "एकदम जोरात," मी सांगायचो.

मग एका कुंपणवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा निरोप आला. पश्चिमेकडच्या शेतांवर तारेची कुंपणं आणि लोखंडी गेटं उभी करायची होती, त्याला वेल्डर हवा होता. अट एकच. करोनामुळे एका खोलीत दोघांना झोपवता येत नव्हतं, आणि त्या गावांत खोल्या मुळात थोड्या. "झोपायची सोय तुझी तू आण, मेट," म्हणजे दोस्ता, तो म्हणाला. " सोमवारी निघायचं. नाही जमलं तर सांग, दुसरा आहे माझ्याकडे."

माझ्याकडे सेकंडहँड यूट होती, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी. त्या हौद्यावर चढवायच्या खोल्या मिळतात, त्यांना कॅम्पर म्हणतात. रस्त्यावर असताना त्यांचं छत खाली दाबलेलं असतं, त्यामुळे वारा धरत नाही. मुक्कामाला पोचलं की छत वर उचलायचं, मग आत माणूस सरळ उभा राहतो. त्या दिवसांत विमानं बंद, म्हणून जो तो तंबू नि कॅम्पर घेऊन रानात निघालेला. सकाळी जाहिरात आली की दुपारी वस्तू गेलेली असायची. आंटींनी स्वतः चार ठिकाणी फोन केले. गावाबाहेर शेडमध्ये जुने कॅम्पर विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला गळ घातली, "आमचा मुलगा चांगला आहे, शनिवारपर्यंत कुणाला देऊ नका." आमचा मुलगा, असंच म्हणाल्या.

शनिवारी शेडमध्ये दोन खोल्या होत्या. एकीच्या बाजू कॅनव्हासच्या. आत गादी, दिवा, बस्स. दुसरीला पक्क्या भिंती, सिंक, गॅसची शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी. मी दुसरीतून बाहेरच येईना.

"घरासारखं वाटतंय, आंटी."

"तुला झोपायचंय की गृहप्रवेश करायचाय?" त्या मास्कआडून हसल्या. "ती कापडाची बघ. हलकी आहे."

पण माझ्या डोक्यात भावाला पाठवायचा व्हिडिओ तयार होत होता. फ्रिजचं दार उघडून दाखवायचं, वगैरे.

"बरं, गाडीच्या दारातला पत्रा वाचलास ना? किती वजन उचलते?" आंटींनी विचारलं. "आणि हिच्यावरचं पण वाच. माझा जवळचा चष्मा घरी राहिला, मला नुसत्या मुंग्या दिसतायत."

दोन्ही पत्रे मी पाहिले होते. आकडे कळत होते. आकड्यांपुढची इंग्रजी अक्षरं कळत नव्हती, आणि कुठला आकडा कशाचा हे त्या अक्षरांतच होतं. विक्रेता शेजारी उभा. त्याच्यासमोर एकेक अक्षर लावत बसायचं?

"वाचलं, आंटी. बसतंय."

अगदीच हवेत बोललो नव्हतो. शाळा सोडल्यावर दोन वर्षं मी टेम्पोवर होतो. तिथे कुणी पत्रा वाचत नसे. माल भरायचा, मागचं टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात घालायचा. चार बोटं आडवी गेली तर चला, नाही गेली तर दोन गोणी उतरवा. म्हाताऱ्याने खोली हौद्यावर चढवून दिली तेव्हा मी हात घातला. चार काय, सहा बोटं गेली असती. छाती फुगली माझी. यूटच्या आधीच्या मालकाने मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना टेकू म्हणून हवेचे रबरी फुगे बसवलेले होते. कितीही लादलं तरी गाडी मागे बसायची नाही, पण ब्रेक आणि चाकं तेवढं सोसतील असं त्याने होत नाही. हे मला नंतर कळलं.

सोमवारी सकाळी कॉन्ट्रॅक्टरच्या यार्डात पोचलो. टाकी काठोकाठ भरलेली, वेल्डिंग मशीन, हत्यारांच्या पेट्या, दोन गॅसच्या बाटल्या. आंटी आपल्या गाडीने मागोमाग आल्या होत्या, सुक्या बोंबलाच्या चटणीची बरणी द्यायला. शेजारीच धान्याचा वजनकाटा होता. लांबच्या कामाला निघणारी प्रत्येक गाडी बॉस त्याच्यावरून काढायचा, विम्यासाठी.

माझी गाडी काट्यावर उभी राहिली. आकडा बघून बॉसने टोपी मागे सरकवली. वाकून दारातला पत्रा वाचला, मग खोलीवरचा.

"मेट, तुझी गाडी उचलते त्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे. खोलीवर लिहिलंय ते रिकाम्या खोलीचं वजन. पाणी, गॅस, सामान, तू स्वतः, यातलं काहीच धरलेलं नाही. घाट उतरताना हिला थांबवणार कोण? तपासलं कुणी हे?"

मी आंटींकडे बोट केलं. "She read it. She told me it's okay."

माझं इंग्रजी एरवी अडखळतं. ही दोन वाक्यं सुरीसारखी साफ आली.

आंटी बरणी हातात धरून उभ्या होत्या. मास्कवर नुसते डोळे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग बॉसला म्हणाल्या, हो, मीच वाचलं, चष्मा नव्हता, चूक माझी आहे. याला बुधवारपर्यंत वेळ द्या, काम चोख करतो हा.

बॉस त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघून मऊ झाला. "नो वरीज. बुधवार. गुरुवार नाही."

परत येऊन आंटींच्या अंगणात गाडी लावली. "आंटी, मी..." एवढंच बोललो.

"आधी टाकीतलं पाणी सोड," त्या म्हणाल्या. "झाडांना जाऊ दे."

मी तोटी उघडून नळी झाडांकडे ओढली. मग म्हणाल्या, "नववीचं मला कधी काही वाटलं नाही रे. येत नाही म्हणाला असतास तर घरी परत जाऊन चष्मा आणला असता. वीस मिनिटांचं काम. पण घाटात ब्रेक लागला नसता, तर ती बातमी तुझ्या बायकोला कोणी सांगायची? मी?"

मी तोटी बंद करून नळी गुंडाळली.

त्यांनी वही दिली. दारातल्या पत्र्यावरचा एकेक शब्द माझ्याकडून वाचून घेतला, बाजूला मराठीत लिहायला लावला. न्हाणीघरातला वजनाचा काटा अंगणात आणून गॅसची बाटली, पेट्या, मशीन, शेवटी मला उभं केलं. "बेरीज तू कर," म्हणाल्या. मंगळवारी म्हाताऱ्याने पक्क्या भिंतीची खोली खळखळ न करता परत घेतली. तिला गिऱ्हाईक थांबलेलंच होतं. कापडाची मी घेतली, वजन आधी स्वतः वाचून.

बुधवारी काट्यावर आकडा बरोबर आला. बॉस ओरडला, "आंटीने नवा चष्मा केला वाटतं!" बाकीची पोरं हसली.

मीही हसलो.

घरी बायकोला काय सांगितलं होतं? तेच. आंटींनी चुकीचं वाचलं. ती घाबरली, मग म्हणाली, "वय झालं ना त्यांचं. आता त्यांना त्रास नको देऊस, कागद मीच बघत जाईन." तिने हे चर्चमधल्या एकीला काळजीने सांगितलं, तिने दुसरीला. नंतर प्रार्थनेला माणसं मोजून सोडायचे तेव्हा बाहेर ओट्यावर आंटी एकट्या बसलेल्या दिसायच्या. पूर्वी तिथे त्यांच्याभोवती फॉर्म घेतलेली माणसं असायची. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. फक्त कागद येईनासे झाले. त्यांना कारण माहीत होतं, मलाही. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, आणि भेटलो की विचारायच्या, "जेवतोस ना वेळेवर तिकडे?"

मी अजून त्याच बॉसकडे आहे. नोकरी टिकली ती आंटींनी चूक स्वतःच्या नावावर घेतली म्हणून. बोलायचं ठरवून दोनदा ओट्यापर्यंत गेलो, हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो. बायको काय म्हणेल, बॉस हसेल, कामावरून काढेल, हीच भीती. आंटींना माझ्याकडून काही नकोय, हे त्या न सांगताही कळतं. पण आंटी, तुमचं देणं मी फेडीन. आधी बायकोला घरात सांगेन, मग बॉसला, आणि एका रविवारी त्या ओट्यासमोर सगळ्यांच्या देखत उभा राहून सांगेन, की आंटींनी वाचलंच नव्हतं. वाचलं म्हणून खोटं मी बोललो होतो.