परतीचा ड्रायव्हर बेफाम

रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी गल्ली त्यांना ड्रायव्हरकाकाच म्हणायची. सगळा जन्म बस हाकण्यात गेला, पण दुसऱ्याच्या हातच्या गाडीत बसायचं म्हटलं की काका नाना सबबी सांगत. पुतण्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसूनसुद्धा ते उजव्या पायाने ब्रेक दाबत राहायचे. एका रिक्षावाल्याने तर हात जोडून त्यांना अर्ध्या वाटेत उतरवलं होतं. "काका, एक तर तुम्ही चालवा, नाहीतर पायी जा."

काकूंनी आजवर हे सगळं हसण्यावारी नेलं. पण आता लेकीचे दिवस भरत आले होते, आणि लेक समुद्रापलीकडे, जवळजवळ चार हजार किलोमीटरवर. तिने दोघांची विमानाची तिकिटं फोनवर पाठवली आणि काकांची दुखणी सुरू झाली. आधी गुडघा, मग कान, आणि शेवटी कुंड्यांना पाणी कोण घालणार ही चिंता.

"कुंड्या शेजारीण बघेल," काकू म्हणाल्या. "आणि कान दुखायला आधी विमान उडावं लागतं."

मग काकांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून तिकिटं कागदावर काढून आणली, चष्मा चढवला आणि डेपोतलं टाइमटेबल वाचावं तशी वाचली. वाचता वाचता चेहरा उजळला.

"हे बघ! जाताना सकाळी दहाला सुटते, संध्याकाळी साडेपाचला पोचते. साडेसात तास. शहाणा ड्रायव्हर आहे. आणि येताना? सातला सुटून साडेनऊला इथे! तोच रस्ता अडीच तासांत? हा बेफाम हाकतो. असल्याच्या गाडीत मी बसायचा नाही."

काकूंनी कागद उलटसुलट करून पाहिला. आकडे तर खरेच तसे होते. "वारा पाठीवर असेल," त्या म्हणाल्या, पण आवाजात दम नव्हता.

"वारा? अगं, याला मेमो द्यायला हवा, मेमो!"

काकूंनी सरळ लेकीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. लेकीला हसू आवरेना.

"बाबा, इथली घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतात. जाताना पाच तास, येतानाही पाचच."

काकांनी बोटांवर हिशेब केला. ड्रायव्हर निर्दोष सुटला होता. काकांचं तोंड एवढंसं झालं.

"तरी पण तो आपल्याला दिसत नाही ना," ते पुटपुटले. "दार लावून बसतो. डुलकी लागली तर कळणार कुणाला?"

"तुमच्या पॅसेंजरांना तरी तुमचं तोंड कुठे दिसत होतं?" काकू कडाडल्या. "जन्मभर तुमची पाठच बघितली बिचाऱ्यांनी. तरी घोरत होतेच ना?"

फोनमधलं हसू एव्हाना थांबलं होतं.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "मला भीती वाटतेय. ह्यांच्यासमोर बोलत नाही मी. पण तुम्ही दोघं दवाखान्यात बाहेर बाकावर बसला असाल ना, तर..."

काका खाकरले.

"भीती कसली त्यात? आम्ही आहोत ना! पाच तास म्हणजे काय गं, एक पुरी ड्यूटीसुद्धा नाही."

फोन ठेवून काका तडक उठले, माळ्यावरची बॅग ओढून काढली, चपला चढवल्या आणि दारात जाऊन उभे राहिले.

"अहो, निघालात कुठे? तिकीट पुढच्या गुरुवारचं आहे!"

"असू दे. गाडी लागायच्या आधी माणूस स्टँडवर असावा."

काकूंनी त्यांच्या हातातली बॅग काढून घेतली. ती रिकामीच होती.