पाच मिनिटं झाकण उघडू नका

आमचं गोदाम वळ गावात. इथे माल येतो नि जातो, किस्से मात्र डिस्पॅचच होत नाहीत, साचत राहतात. या उन्हाळ्यातले निम्मे तर एकाच खोक्यातून निघाले.

खोकं कुसकुसचं, म्हणजे गव्हाच्या बारीक, आधीच वाफवलेल्या परदेशी दाण्यांचं. बाहेरचा पुठ्ठा भिजला म्हणून पार्टीने माल परत घेतला नाही. आतले पुडे ठणठणीत होते, ते स्टाफला मातीमोल भावात मिळाले.

पॅकिंगच्या मंदाताईंना तो जाडा रवाच वाटला. घरी नेऊन तुपात भाजला, दुप्पट पाणी ओतलं आणि दणकून वाफ दिली. नवऱ्याने एक घास घेतला, ताट सरकवलं आणि म्हणाला, "उरलं तर टाकू नकोस गं, बाथरूमची टाइल सुटलीय!"

*

पुड्यावरचं वाचणारी आमच्यात एकच व्यक्ती, डिस्पॅचच्या सलमा आपा. उकळतं पाणी ओता, झाका, पाच मिनिटं थांबा. बस! पत्र्याखाली मे महिन्यात डब्यातली भाजी बारालाच आंबते, त्यामुळे आम्हाला लॉटरीच लागली. ऑफिसच्या किटलीतलं पाणी, वर काकडी, कांदा, कैरी, शेंगदाणे.

"आपा, आज काकडी नाही."

"तो टमाटर डालो. टमाटर नाही तर गाजर. कुछ नहीं तो लिंबू पिळा आणि गप्प खा!"

*

पाच मिनिटं थांबणं मंदाताईंच्या पत्रिकेत नाही. दर मिनिटाला झाकण उचलून, "झालं का हो?" शेवटी आपांनी डब्याला चहूबाजूंनी पॅकिंग टेप मारला आणि वर रोखलेल्या मालाला लावतात तो लाल स्टिकर चिकटवला, "होल्ड".

*

मग सेफ्टीवाले साहेब आले. गोदामात स्वयंपाकाला बंदी. किटली, पातेलं, चाकू, सगळं त्यांनी निरखून पाहिलं.

"हे कुकिंग आहे."

"नाही सर," आपा म्हणाल्या, "गॅस नाही, शेगडी नाही. फक्त भिजवणं आहे."

साहेबांनी रजिस्टर उघडलं, विचार केला, बंद केलं. "मग माझ्यासाठी पण थोडं भिजवा!"

*

गेटवरचे जनूकाका मात्र कधी पंगतीला बसायचे नाहीत. गोदाम त्यांच्याच भातशेतीवर उभं, भाडं येतं, तरी घरी करमत नाही म्हणून ड्युटी करतात. दिवाळीत काकू गेल्या. मुलगा ठाण्याला. बोलावलं की एकच उत्तर, "मना भूक न्हाय. जेवून आलोय."

एका दुपारी ट्रकचा नंबर लिहिता लिहिता काका चक्कर येऊन खाली बसले. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "पोटात काहीच नाही यांच्या." केबिनच्या ड्रॉवरमध्ये ग्लुकोज बिस्किटांचे रिकामे पुडे सापडले. कित्येक महिने माणूस आमच्यासमोर उपाशी होता आणि आम्ही टेप मारून हसत होतो. लाज वाटली.

आपांनी रागावून विचारलं, "काका, गॅस पेटवता येतो?"

"चायपुरता येतो."

"बस, उतनाच लागतो!" म्हणत त्यांनी कुसकुसचे दोन पुडे काकांच्या पिशवीत कोंबले.

काकांनी पिशवी घरी नेली. डबा द्यायला गेलं तर अजूनही नकोच म्हणायचे. मंदाताई म्हणाल्या, "पुडे कोंबड्यांना घातले असणार."

*

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत काका स्वतःहून आले. टेबलावर स्टीलचा मोठा डबा ठेवला आणि झाकण उघडलं. आत कुसकुस, त्यात सुक्या मासळीतला भाजलेला जवळा, कांदा आणि कैरीचे ओबडधोबड तुकडे. डबा चौघांना पुरेल एवढा.

"घ्या," म्हणाले, आणि स्वतःही बसले.

आम्ही सगळ्यांनी घास घेतला. मंदाताई मला खुणावत होत्या, मी आपांना. शेवटी आपाच म्हणाल्या, "काका, एक नंबर झालंय. फक्त मीठ विसरलात."

काकांनी मोठा घास तोंडात घातला, सावकाश चावला.

"तुमची काकू, ती पन इसरायची!"