सड ओळखणारं यंत्र

दोन हजारच्या सुमारास मी नाशिकच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होते. साठवलेला कांदा सडू लागला, की माणसाला वास येण्याआधीच ते ओळखणारं यंत्र माझ्या मार्गदर्शक मॅडमनी बनवलं होतं. प्रयोगशाळेत ते चालायचं. खरी परीक्षा मात्र लासलगावजवळच्या एका चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये झाली.

मॅडम यंत्राची नळी ढिगात खुपसत पुढे सरकत होत्या. एका जागी यंत्रावरचा सड दाखवणारा दिवा लागला.

चाळीचे मालक हसले. "इथं काय नाय मॅडम, माल एकदम कोरडा हाय."

"जरा उकरून बघू या का?"

हातभर कांदे बाजूला केल्यावर एक कांदा मॅडमच्या बोटाखाली दबला. वरून तो चांगला दिसत होता, पण कापल्यावर आतून नुकता काळा पडू लागलेला निघाला.

परतताना एसटीत मी म्हणाले, "मॅडम, लगेच पेपर छापू या."

"आधी पेटंटचा अर्ज. छापून आलं, की ते नवं राहत नाही, आणि पेटंट नव्यालाच मिळतं."

आमच्या कॉलेजात तोवर कोणी पेटंट घेतलं नव्हतं. मॅडमनी नेमलेल्या मुंबईच्या वकिलांनी देशोदेशीची पेटंटं तपासली आणि फोन केला. मॅडमनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"असं यंत्र आधी कोणी केलेलं सापडत नाही," वकील सांगत होते.

मी टेबलावरच्या आमच्या यंत्राच्या पत्र्याच्या डब्याकडे बघत राहिले. त्यातल्या तारा मीच जोडल्या होत्या, तरी त्याला हात लावायचा धीर होईना.

पेटंट मिळायला बरीच वर्षं गेली. तोवर मॅडम निवृत्त झाल्या होत्या आणि घरी दुसऱ्याच यंत्राच्या मागे लागल्या होत्या.